प्लॅस्टिकचा मऊपणा आणि संगणकाचें गणित



भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी तालुक्यांत कोशाचें रेशीम विणण्याची परंपरा आहे. हातमागाच्या धंद्यांत ताण्याच्या सुतास खळ देतात, ती त्याला ताठपणा यावा म्हणून. प्लॅस्टिकच्या धंद्यांत नेमकी उलट युक्ति चालते. पॉलिव्हिनाइल क्लोराइड हा पदार्थ मूळचा टणक. परंतु त्याच्या लांब रेणुशृंखलांमध्यें एखाद्या तेलकट द्रवाचे लहान रेणु शिरले, कीं त्या एकमेकींवरून सरकूं लागतात आणि पदार्थ लवचीक होतो. अमेरिकेंत वाल्डो सीमन यांनीं १९२६ मध्यें ही गोष्ट साधली. मात्र खळ जशी धुतली असतां निघून जाते, तसें हें द्रव्यही शृंखलांशीं पक्कें जोडलेलें नसतें. तें पाझरतें.

१९५० च्या सुमारास बोस्टनचे कार्ल वॉल्टर यांनीं रक्त साठविण्यास काचेच्या बाटलीऐवजीं प्लॅस्टिकची पिशवी आणली. १९७० मध्यें बाल्टिमोरचे जेगर व रुबिन यांस अशा पिशवींतील रक्तांत मऊ करणारें द्रव्य सांपडलें. त्याचें नांव डाय-इथिलहेक्झिल थॅलेट. आपण त्यास थॅलेटच म्हणूं. चमत्कार असा, कीं याच द्रव्यामुळें साठविलेल्या रक्तांतील तांबड्या पेशी कमी फुटतात! तेव्हां 'काढून टाका' एवढें म्हणून भागत नाहीं. अपाय किती, हें मोजावें लागतें.

१९८२ मध्यें अमेरिकन सरकारी प्रयोगांत हें थॅलेट खाऊं घातलेल्या उंदरांच्या यकृतांत गांठी आढळल्या. पण उंदराचें यकृत म्हणजे माणसाचें नव्हे. कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००० मध्यें या द्रव्यावरील संशय सैल केला आणि २०११ मध्यें पुन्हां घट्ट केला. प्राण्यांवरून माणसाविषयीं बोलणें इतकें अवघड आहे.

येथें गणित पुढें आलें. १९६२ मध्यें कॅलिफोर्नियांतील कॉर्विन हॅन्श यांनीं रेणूची घडण, तेलापाण्यांतील त्याची विद्राव्यता आणि सजीवांवरील त्याचा परिणाम यांचा संबंध समीकरणांत बसविला. १९८२ मध्यें अर्विन कुंट्झ यांच्या मंडळीनें प्रथिनाच्या खांचेंत रेणु कसा बसेल, हें संगणकाकडून ताडून पाहण्याची पद्धति काढली. आज हें काम साधा घरगुती संगणकही करतो. मोहाडीच्या विद्यार्थ्यानें तें घरीं बसून करावें, इतकें तें सुलभ झालें आहे.

सुलभतेंतच खोंच आहे. आपण गिळलेलें थॅलेट आंतड्यांत दुभंगतें आणि शरीरांत मुख्यतः त्याचा तुकडा वावरतो. संगणकाला मूळ रेणु दिला, तर तो सुंदर आंकडे देईल, पण भलत्याच रेणूविषयीं! म्हणून दुसऱ्या प्रकारचीं गणितें शरीराचे कप्पे मांडतात. यकृत, रक्त, चरबी, मूत्रपिंड यांपैकीं प्रत्येकांत किती येतें व किती जातें, याचा जमाखर्च तीं ठेवतात. पण तोही कोठें तरी ताडून पाहावा लागतो. जर्मनींत एका स्वयंसेवकानें खूण केलेलें थॅलेट स्वतः घेतलें. २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें एका दिवसांत त्याचा सुमारें दोन तृतीयांश भाग लघवीवाटे रूपांतरित होऊन बाहेर पडला.

तो धडधाकट, प्रौढ माणूस होता. रुग्णालयांत नळ्यांच्या आधारानें श्वास घेणाऱ्या नवजात अर्भकास वजनाच्या मानानें थॅलेट पुष्कळ अधिक मिळतें, आणि तें बाहेर टाकण्यास लागणारी यकृताची शक्ति त्याच्या ठायीं अजून पुरी आलेली नसते. त्याच्यावर प्रयोग करतां येत नाहीं. त्याच्यासाठीं समीकरणच मांडावें लागतें, आणि प्रौढाचे आंकडे त्यांत जसेच्या तसे घालतां येत नाहींत.