मोटारीच्या मागच्या चाकांची कहाणी

मोटार विकत घेणारा गृहस्थ तिचा रंग पाहतो, गाद्या दाबून पाहतो, भोंगा वाजवून पाहतो. परंतु वाकून तिच्या पोटाखालीं डोकावणारा विरळाच. तेथें, मागच्या दोन चाकांच्या मध्यें, कांहीं कांबी, सांधे आणि पोलादी कमानी असतात. वळणावर मोटार आपल्या आज्ञेंत राहते कीं नाहीं, हें बव्हंशीं त्यांवर ठरतें. या दुर्लक्षित भागांच्या सुधारणेचा इतिहास आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे. एखादा दोष जाणत्यांना ठाऊक असतां त्यावरील उपाय कोणीं करावयाचा आणि त्याचें मोल कोणीं द्यावयाचें, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशीं आहे.

बैलगाडीला जसा एक आंस आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकें, तशीच आरंभींच्या बहुतेक मोटारींची मागची रचना होती. फरक इतकाच कीं, मोटारीच्या आंसाच्या मधोमध दंतचक्रांची पेटी असे व तिच्या द्वारें इंजिनाची शक्ति चाकांस पोंचे. ही रचना दणकट खरी. पण तिच्यांत दोन उणिवा होत्या. एक चाक दगडावर चढलें कीं दुसरेंहि तिरपें होई. आणि त्या पेटीचें जड ओझें कमानींवर विसावलेलें नसून चाकांबरोबर खालीं नाचत असे. खडबडीत रस्त्यावर मोटारीचा मागचा भाग उड्या मारीत चाले तो यामुळें.

या उणिवांवर मूळच्या व्हिएन्नाच्या एडमुंड रुम्प्लर या यंत्रज्ञानें १९०३ सालीं एक तोड काढून तिचें पेटंट घेतलें. दंतचक्रांची पेटी गाडीच्या सांगाड्यालाच पक्की बांधावयाची, आणि तिच्या दोन्ही अंगांस सांध्यावर हलणारे दोन अर्धे आंस लावावयाचे, ही ती तोड. आतां प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वरखालीं होऊं शकत होतें. या रचनेस आपण 'झुलता आंस' म्हणूं. पुढें हान्स लेडविंका यानें १९२३ च्या टाट्रा मोटारींत, मर्सिडीझ-बेंझ कंपनीनें १९३१ च्या आपल्या '१७०' मोटारींत आणि फर्डिनांड पोर्शे यानें फोक्सवॅगनमध्यें तिचा अवलंब केला. सांधे थोडे, खर्च थोडा आणि बसणारास सुख अधिक; मग ती लोकप्रिय न होती तरच नवल!

परंतु या सुखांत एक कांटा दडला होता. श्रोत्यांनीं क्षणभर आपले दोन्ही हात बाजूंना सरळ पसरून मुठी आवळाव्या. खांदे म्हणजे सांधे आणि मुठी म्हणजे चाकें, असें समजावें. हात खांद्यापासून खालीं झुकवले कीं मुठींची खालची बाजू आंत वळते. मोटारीचा मागचा भाग वर उचलला गेला कीं तिच्या चाकांचें नेमकें असेंच होतें. आतां भरधाव वळण घेणारी मोटार डोळ्यांपुढें आणावी. वजन बाहेरच्या चाकावर येतें. रस्ता त्या चाकास आंत रेटतो. आणि सांधा जमिनीपासून उंच असल्यामुळें हा रेटा गाडीचा मागचा भाग वर उचलूं पाहतो. गाडी उचलली कीं चाक तिच्या पोटाखालीं दुमडतें. चाक दुमडलें कीं टायरची केवळ कड जमिनीस टेकते. आणि पकड सुटून मागचा भाग एकाएकीं बाहेर फेकला जातो. क्वचित् गाडी कलंडतेहि. चालकानें घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तर मागचें वजन आणखीच हलकें होऊन संकट वाढतें.

हा दोष यंत्रज्ञांना अज्ञात नव्हता. मर्सिडीझ-बेंझनें १९५४ सालीं विक्रीस काढलेली '३०० एसएल' ही मोटार वेगासाठीं जितकी नांवाजली, तितकीच वळणावरील लहरीपणासाठींहि प्रसिद्ध झाली. १९५७ सालीं तिची उघड्या टपाची आवृत्ति निघाली, तेव्हां कंपनीनें दोन उंच सांध्यांच्या जागीं पेटीच्या खालीं एकच सांधा ठेवला. सांधा जमिनीजवळ आला, झुलत्या आंसाची लांबी वाढली, आणि गाडी उचलणारा जोर बराच ओसरला.

याच सुमारास अमेरिकेंत जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले शाखेनें कॉर्व्हेअर नांवाची मोटार १९५९ च्या शरदांत बाजारांत आणली. तिचें हवेनें थंड होणारें सहा सिलिंडरांचें इंजिन मागें असल्यामुळें निम्म्याहून पुष्कळ अधिक भार मागच्या चाकांवर पडे. आणि ही मागचीं चाकें झुलत्या आंसाचीं. गाडीचा तोल राहावा म्हणून कंपनीनें हवेच्या दाबाचा उपाय सांगितला: पुढच्या टायरांत १५ पौंड, मागच्या टायरांत २६ पौंड. पुढचे टायर नरम ठेवले कीं वळणावर पुढचीं चाकेंहि थोडीं बाहेर सरकतात आणि मागच्यांवरील ताण हलका होतो. शास्त्रदृष्ट्या हें बरोबर होतें. परंतु चारी चाकांत सारखी हवा भरण्याची लोकांची जुनी सवय! एवढ्या मोठ्या गोष्टीची भिस्त हवा भरणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर ठेवणें हें कितपत शहाणपणाचें होतें, याचा विचार श्रोत्यांनींच करावा.

जाणत्या मालकांनीं यावर आपला मार्ग शोधला. सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत एक आडवी पोलादी कमान मिळूं लागली. ती पेटीच्या खालीं मधोमध टेकवून तिचीं दोन टोकें दोन अर्ध्या आंसांच्या खालीं येत. हिची खुबी अशी कीं, एक चाक वर व दुसरें खालीं जात असेल तर ती मध्यावर कलून वाट देई. पण दोन्ही चाकें एकदम खालीं लोंबूं लागलीं कीं तीं आवरून धरी. अर्थात् चाक दुमडण्याचा मूळ धोकाच ती रोखीत असे. फोक्सवॅगनचे शौकीनहि अशी कमान बसवून घेत. खुद्द शेव्हरोलेनेंहि १९६२ च्या गाड्यांपासून थोड्या जादा किंमतींत ताठ स्प्रिंगा, पुढच्या बाजूस गाडीचा कल रोखणारी पोलादी कांब आणि मागच्या आंसांचें लोंबणें आवरणारे पट्टे देऊं केले. म्हणजे उपाय होता. पण तो मागेल त्याला, आणि पैसे मोजील त्याला!

अखेरीस १९६४ च्या गाड्यांत पुढची कांब आणि मागची आडवी कमान सर्वांनाच मिळाली. कंपनींतील माजी अधिकारी जॉन डिलोरियन यांच्या आठवणींवर आधारलेलें एक पुस्तक १९७९ सालीं निघालें. त्यांत असें म्हटलें आहे कीं, शेव्हरोलेचे प्रमुख सेमन नुडसेन यांनीं राजीनाम्याची धमकी दिल्यावरच वरिष्ठांनीं ही सुधारणा मान्य केली, आणि तिचा खर्च दर गाडीमागें १५ डॉलरच्या आसपास होता. १९६५ च्या गाड्यांत तर झुलता आंस समूळ काढून प्रत्येक अर्ध्या आंसाला दोन दोन सांधे व चाकाला निराळे आधार दिले. यामुळें चाक वरखालीं झालें तरी फारसें कलत नसे. या नव्या कॉर्व्हेअरची पकड उत्तम म्हणून वाखाणली गेली.

पण वेळ टळून गेली होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत राल्फ नेडर या तरुण वकिलाचें 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचें पहिलेंच प्रकरण जुन्या कॉर्व्हेअरवर होतें. कंपनीनें नेडर यांच्यामागें गुप्तहेर लावल्याचें उघडकीस आलें, आणि मार्च १९६६ मध्यें कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढें जाहीर क्षमा मागावी लागली. सप्टेंबर १९६६ मध्यें अध्यक्ष जॉन्सन यांनीं मोटारींच्या सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. कॉर्व्हेअरचा खप घसरत गेला, व १९६९ सालीं तिचें उत्पादन थांबलें.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १९७२ सालीं अमेरिकन सरकारच्या महामार्ग सुरक्षा खात्यानें प्रयोग करून असा निष्कर्ष काढला कीं, १९६० ते १९६३ ची कॉर्व्हेअर समकालीन गाड्यांच्या तुलनेनें अधिक धोक्याची नव्हती. हा निष्कर्ष खरा मानला तरी मूळ प्रश्न मिटत नाहीं. शेजाऱ्याच्या घराची भिंतहि आपल्याइतकीच कच्ची आहे, म्हणून आपली भिंत पक्की ठरत नाहीं.

आपल्या देशाचाहि या कहाणीशीं थोडा संबंध आला. इंग्लंडांत १९५९ सालीं निघालेली ट्रायंफ हेरल्ड १९६१ पासून मद्रासला 'स्टँडर्ड हेरल्ड' या नांवानें तयार होऊं लागली. तिचाहि मागचा आंस झुलता, आणि त्यावर एक आडवी कमान. इंग्लंडांत ट्रायंफनें १९७० च्या स्पिटफायर गाडींत तीच कमान मध्यावर कलेल अशी बसवून दोष पुष्कळ कमी केला. मद्रासच्या कारखान्यानें निराळा मार्ग धरला: १९७२ च्या 'गझेल' गाडीला त्यानें सरळ जुना अखंड आंस दिला. नवें तें सर्वत्र सोयीचें असतेंच असें नाहीं. रस्ता आणि गांवोगांवचा मिस्त्री पाहून यंत्र निवडावें लागतें, हा त्यांतील बोध.

आज झुलता आंस नव्या मोटारींतून जवळजवळ नाहींसा झाला आहे. परंतु त्यानें शिकविलेला धडा जुना होण्याजोगा नाहीं. सुरक्षिततेचा उपाय वेगळा विकावयास ठेवला तर तो जाणत्यालाच मिळतो. आणि त्याची खरी गरज असते ती अजाणास. जो घरधनी हौसेनें मोटार घेऊन मुलांबाळांसह घाट उतरतो, त्याला चाकांच्या कोनाचें शास्त्र ठाऊक नसतें, व तें ठाऊक असण्याची अपेक्षाहि रास्त नव्हे. तें ज्यांना ठाऊक असतें त्यांनींच ती कमान, ती कांब, गाडी कारखान्याबाहेर पडण्यापूर्वीं बसवावी. गाडी घेणारानें मात्र एवढें अवश्य करावें: रंग पाहून झाल्यावर एकदां खालीं वाकून पाहावें, आणि तेथें काय आहे व काय नाहीं, हें विकणाऱ्यास स्पष्ट विचारावें.