यवतमाळच्या माथ्यावर, कोजागिरीला

दुपारी २.३७, ९ ऑक्टोबर २०२२. सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक अवाढव्य तारा स्वतःच्याच भाराने कोसळला. तेव्हा सुटलेला गॅमा किरणांचा झोत आता पृथ्वीपासून, नेपच्यून सूर्यापासून असतो तितक्या अंतरावर आहे. त्याची आगाऊ वर्दी मिळणे शक्यच नाही. प्रकाशाच्या पुढे कोण धावणार?

सायंकाळी ६.००. चंद्र वर आलेला. घरोघरी भुलाबाईची शेवटची गाणी, खिरापत, आटायला ठेवलेले दूध. झोत ८५ कोटी किलोमीटरवर.

शेवटचा सव्वा सेकंद. झोत चंद्राइतका जवळ.

६.४७. फर्मी उपग्रहावर पहिली, क्षीण नोंद. उगम शर तारकासमूहात, यवतमाळच्या माथ्यापासून जेमतेम सात अंश पश्चिमेला. वणीपासून पुसदपर्यंत अख्खा जिल्हा थेट खाली.

६.५१ च्या आगेमागे. खरा तडाखा. फर्मीची मोजयंत्रे दिपून जातात. वातावरण झोत वरच्या वर अडवते, पण आयनांबर ढवळून निघते. भारतातली विजा टिपणारी यंत्रेसुद्धा त्याची नोंद घेतात. दहा हजार वर्षांत एखादाच असा, असे खगोलशास्त्रज्ञांनी नंतर मांडले.

७.४०. स्विफ्ट उपग्रहाला क्ष-किरणांचा स्रोत दिसतो. इतका तेजस्वी, की आधी तो आपल्याच आकाशगंगेतला वाटतो. ही स्फोटानंतरची प्रभा. ताऱ्यातून निघालेला द्रव्याचा झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो, इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि उजळतात. हा द्रव्याचा झोत जसा मंदावतो, तशी प्रभा ओसरते. मला खरे नाट्य इथे वाटते. पहिल्या तासाला जेवढे क्ष-किरण, त्याच्या सुमारे तिसाव्या हिश्शावर ते दहाव्या तासाला, म्हणजे पहाटे पावणेपाचला. पुन्हा तशीच, किंचित जास्त घसरण व्हायला मात्र शंभरावा तास उजाडावा लागतो: १३ तारखेची रात्र. घसरणीला लागणारा काळ दर पायरीला दहापट होतो, म्हणूनच दुर्बिणींना तिचा माग काढता येतो. लडाखमधल्या हानले इथली, आयआयटी मुंबईचा वाटा असलेली ग्रोथ-इंडिया दुर्बीणही या कामात होती.

१० ऑक्टोबर, सकाळी सव्वासहाच्या सुमारास. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून वर्णपट मिळतो, अंतर निश्चित होते.

पुढचे आठवडे. झोत अरुंद असेल तर प्रभा एका टप्प्यावर झपकन ढासळायला हवी. तसा ठळक कडा दिसलाच नाही. म्हणून अनेक संशोधक आता मानतात की, झोताचा गाभा अरुंद होता आणि कडेने मंद, रुंद पसारा होता.

सहा महिन्यांनी. प्रभा पुरेशी मावळल्यावर जेम्स वेब दुर्बिणीला तिच्याआडचा अतिनवतारा दिसला. तो अगदी सामान्य निघाला, आणि ज्यांची आशा होती त्या सोन्यासारख्या जड मूलद्रव्यांची खूण त्यात सापडली नाही.