‘पगार’ शब्दाचे गोत्र

विद्यार्थ्याने निबंधात ‘वडिलांचा पगार’ असे लिहिले की त्याखाली रेघ मारून वर ‘वेतन’ लिहिणारे शिक्षक पुष्कळ आढळतात. ‘पगार’ बोलण्यात चालेल, लिहिण्यात नको, असा त्यांचा दंडक असतो. हा शब्द परका व ग्राम्य आहे अशी समजूत त्याच्या मुळाशी असते. तो परका आहे यात शंका नाही. परंतु त्याची कुळकथा नीट पाहिली, तर त्यास ग्राम्य म्हणण्याचे धाडस कोणी करील असे आम्हांस वाटत नाही.

‘पगार’ हा पोर्तुगीज ‘पागार’ या क्रियापदापासून आला. त्याचा अर्थ पैसे देणे, देणे भागवणे. पोर्तुगीजात तो आला लॅटिनमधून. लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणजे शांतता, तह. त्यावरून ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. रोमन सेनापती एखादा प्रांत जिंकून वश करीत, तेव्हा हेच क्रियापद योजले जाई. पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये हे शमवणे रणांगणावरून उतरून पेढीवर आले. दारात उभ्या राहिलेल्या धनकोस शांत करावयाचे तर त्याचे पैसे द्यावे लागतात. म्हणून शांत करणे याचाच अर्थ पैसे चुकते करणे असा झाला. स्पॅनिश ‘पागार’, इटालियन ‘पागारे’, फ्रेंच ‘पेये’ आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरलेला ‘पे’ ही सारी याच घरची भावंडे होत.

येथे ‘पाकारे’ मधील ‘क’ चा ‘ग’ झाला, याचे नवल आपल्या वाचकांस वाटू नये. दोन स्वरांमध्ये सापडलेला कठोर ‘क’ मृदू होणे आपल्या प्राकृतांच्या अंगवळणी पडलेले आहे. लोक-लोग, शाक-साग, काक-काग ही उदाहरणे प्रसिद्ध आहेत. संस्कृत ‘प्राकार’, म्हणजे तटाची भिंत, अर्धमागधीत ‘पागार’ होतो. पण या शेवटच्या उदाहरणावरून आपल्या पगाराचे मूळ तटबंदीत शोधू जाणे व्यर्थ होय. मलय भाषेतही ‘पगार’ म्हणजे कुंपण. त्याचाही येथे काही संबंध नाही. ध्वनिसाम्यावरून सोयरीक जुळवण्याचा मोह व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने आवरला पाहिजे. ‘वतन’ आणि ‘वेतन’ हे असेच दिसण्यात सख्खे आणि वस्तुतः परस्परांस अनोळखी. वतन अरबी, मूळ अर्थ जन्मभूमी, वेतन संस्कृत.

खरे नाते कधी कधी भलतीकडेच निघते. ‘पाक्स’ या शब्दाचे मूळ बांधणे, घट्ट करणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूत आहे असे तौलनिक भाषाशास्त्र सांगते. तह म्हणजे दोन पक्षांस बांधणारा करार. त्याच धातूपासून संस्कृत ‘पाश’ निघाला. म्हणजे पगार आणि पाश हे अतिदूरचे का होईना, पण एकाच कुळातले ठरतात. नोकरदार वाचकांस हे पटवून द्यावे लागेलसे वाटत नाही.

देणे फेडण्याचा आणि शांततेचा हा संबंध केवळ रोमन लोकांना सुचला असेही नाही. हिब्रू भाषेत ‘शालोम’ म्हणजे शांती आणि त्याच धातूचे ‘शिल्लेम’ म्हणजे त्याने पैसे चुकते केले. आपल्याकडे फारसीमधून आलेल्या ‘फारखत’ या शब्दात हीच कल्पना थोड्या निराळ्या रूपाने दिसते. अरबी ‘फारिग’ म्हणजे मोकळा, ‘खत’ म्हणजे लेख. देणे उरले नाही, ऋणको मोकळा झाला, असा हा कागद. आज फारकत म्हटले की नवराबायकोच डोळ्यांपुढे येतात. गोव्यातील कोंकणीने मात्र मूळ अर्थ जपला आहे. तेथे ‘फारीक करप’ म्हणजे पैसे देऊन टाकणे.

श्रमाच्या मोबदल्याला प्रत्येक भाषेने जे नाव दिले, त्यात देणाऱ्याघेणाऱ्यांचे नाते कसे मानले गेले हे उमटलेले असते. इंग्रजी ‘सॅलरी’ लॅटिन ‘सालारियम’ पासून निघाली, आणि तिच्यात मीठ आहे. रोमन शिपायांना पगारच मिठाच्या रूपाने मिळे ही कथा शाळेत सांगितली जाते, पण तिला भक्कम आधार नाही. मिठाशी संबंध जोडलेला भत्ता एवढेच म्हणणे सुरक्षित. तथापि खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या आणि नमकहरामाला शिव्या देणाऱ्या आपल्या लोकांना तो शब्द परका वाटण्याचे कारण नाही. रोमनांच्या ‘सोलिदुस’ नावाच्या नाण्यावरून पोर्तुगीजात ‘सोल्दो’ म्हणजे शिपायाचा पगार आणि ‘सोल्दादो’ म्हणजे तो घेणारा. इंग्रजी ‘सोल्जर’, म्हणजे आपल्या जुन्या लोकांचा ‘सोजीर’, त्याच नाण्याचा वंशज. फारसीमधून आलेल्या ‘दरमहा’ मध्ये महिना आहे, अरबी ‘मुशाहिरा’ मध्येही महिनाच आहे (मुशायऱ्याशी त्याची गल्लत करू नये, तेथे मानधन मिळेलच असे नाही). ‘तनखा’ मूळचा ‘तनख्वाह’. त्यात ‘तन’ म्हणजे शरीर आणि ‘ख्वाह’ म्हणजे मागणारे. परंतु दक्षिणेत रोकड पगाराऐवजी गावाचा वसूल तोडून देण्याची रीत पडली आणि तनखा हा शब्द त्या गावाच्या आकारणीलाच चिकटला. पगाराचे नाव जमिनीला गेले आणि पगाराची जागा रिकामी राहिली.

ती जागा समुद्रावरून आलेल्या शब्दाने घेतली. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवे घेतले. वसई त्यांच्याकडे 1534 पासून 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत राहिली. त्यांनी मराठीला दिलेले शब्द पाहावेत: चावी, पिंप, घमेले, काडतूस, बिजागरी, मेस्त्री, लिलाव, तुरुंग. फारसीने आपल्याला दप्तर, सनद, हुकूम, जमाबंदी दिली. ते शब्द दरबारातून उतरले. पोर्तुगीज शब्द गोदीतून, वखारीतून आणि सुतार-गवंड्यांच्या हातांतून वर चढले. पगार हा त्यांतलाच. म्हणूनच तो किनाऱ्याने पसरला: कोंकणी, मराठी, गुजराती, आणि मराठीच्या शेजारच्या उत्तरेकडील कन्नडातही. हिंदी मुलखात तनख्वाह टिकली. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांत घरी पगार आणि बाजारात तनख्वाह असा दुहेरी व्यवहार चालत आला तो यामुळेच.

एक कोडे मात्र राहते. पोर्तुगीजात पगार या अर्थाचे नाम ‘पागा’ असे आहे. ते सोडून मराठीने क्रियापद का उचलले? आमचा तर्क असा की ‘पागा’ ही जागा आपल्याकडे आधीच भरलेली होती. फारसी ‘पायगाह’ पासून आलेली घोड्यांची पागा मराठ्यांच्या राज्यात घरोघर ठाऊक होती. हैदराबादच्या पायगा घराण्यांच्या नावातही ती आहे. पागेतल्या बारगिराला पागा मिळाली, असे कोण म्हणणार?

या शब्दांचा कसून शोध ज्यांनी घेतला ते सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो गोव्यातील आसगावचे. आशियातील भाषांवरील पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावाविषयीचा त्यांचा ग्रंथ 1913 मध्ये निघाला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर 1936 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. त्याच बडोद्यात जन्मलेल्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव ज्यूलियनांनी, 1925 मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे भाषाशुद्धीचाही कैवार घेतला. यात विसंगती नाही. शब्द बाहेर काढावयाचा तर आधी तो कोठून आला हे पाहिले पाहिजे, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता. रेघ मारणाऱ्या लाल पेन्सिलीजवळ तो नसतो, ही आमची तक्रार.

‘वेतन’ शब्दाविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. तो पाणिनीइतका जुना आहे. त्यावर उपजीविका करणारा तो ‘वैतनिक’, हे रूप अष्टाध्यायीत सिद्ध केलेले आहे. ‘वेतनश्रेणी’ आणि ‘वेतन आयोग’ येथे तो शोभतो. पण पहिल्या तारखेस घरी येतो तो पगार. तो कापला जातो, तुंबतो, पुरत नाही. वेतनाला असे काही होत नाही. शिवाय मराठीने त्यावर स्वतःचे प्रत्यय चढवून ‘पगारी’, ‘पगारदार’, ‘बिनपगारी’ असा त्याचा संसारही थाटून दिला आहे. ‘बिनपगारी फुल अधिकारी’ या चार पावलांच्या म्हणीत संस्कृत ‘विना’ चे मराठी ‘बिन’, पोर्तुगीज ‘पगार’, इंग्रजी ‘फुल’ आणि निखळ संस्कृत ‘अधिकारी’ एका ओळीत उभे आहेत, आणि ज्याच्यावर ती फेकली जाते त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.