चाकोरीची हद्द

चाकोरी हा शब्द आपण हल्ली बहुधा नावे ठेवण्यासाठीच वापरतो. चाकोरीतले जगणे म्हणजे रटाळ जगणे, आणि चाकोरी सोडील तो धाडसी. मूळ अर्थ मात्र साधा आहे : गाडीच्या चाकांनी वाटेवर पाडलेली खोल रेघ. डिचोली तालुक्यातल्या लाल मातीत ओझ्याची बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, की चाकोरीबाहेर जाणे हे धाडस नसून गाडीच्या आसाला धोका असे. हद्द मातीच राखीत होती; ती कोणी लिहून ठेवावी लागत नव्हती.

हे आठवायचे कारण सर्वणला घडले. तिथे माझ्या बहिणीचे सासर. गेल्या पावसाळ्यात गेलो तेव्हा टेबलाला घट्ट आवळलेले एक स्टेअरिंग, खाली पेडल आणि समोर पडदा असा थाट दिसला. भाचा कानांना हेडफोन लावून देशोदेशीच्या मुलांबरोबर मोटार पळवीत होता. याला सिम रेसिंग म्हणतात. ठरलेल्या वारी, ठरलेल्या ट्रॅकवर शर्यती लावून त्यांच्या गुणांची बेरीज करतात ती लीग. त्या रात्री तो तिसरा आला आणि दुसऱ्या दिवशी सातवा झाला! पंचांनी रेकॉर्डिंग पाहून पाच सेकंदांचा दंड केला होता. एका वळणावर त्याच्या गाडीची चारही चाके पुन्हा पुन्हा पांढऱ्या रेषेबाहेर गेली होती. भाचा म्हणाला, "मामा, तिथे ना गवत, ना माणूस. कोणाचे काय बिघडले?"

प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही.

मोटारींच्या जुन्या शर्यती साध्या रस्त्यांवर होत, आणि रस्त्याबाहेर काय आहे ते चालकाला नीट ठाऊक असे : झाड, भिंत, गटार. १९५५ च्या मे महिन्यात मोनाकोच्या शर्यतीत अल्बर्टो अस्कारी हा दोनदा जगज्जेता ठरलेला इटालियन चालक गाडीसकट बंदरातल्या पाण्यात गेला. पोहून वर आला, आणि चारच दिवसांनी मोंझाच्या ट्रॅकवर गाडीची चाचणी घेताना मरण पावला. असल्या ठिकाणी रेषेचे नियम कोण लिहील? आपल्याकडे सांगली-साताऱ्याच्या बैलगाडा शर्यतींत प्रत्येक गाडीला तिचा तास आखून दिलेला असतो. नांगराच्या रेघेला आपण तास म्हणतो तोच हा शब्द. तास सोडला की फाऊल, कारण शेजारच्या तासात दुसऱ्याची बैलजोडी आहे.

पुढे ट्रॅकच्या कडेला खडी पसरू लागले. गाडी खडीत रुतते आणि शर्यत संपते, म्हणजे चुकीची शिक्षा जागच्या जागी. पण वेगात आडवी आलेली गाडी खडीत चाक अडकून उलटते, हेही दिसून आले. म्हणून अनेक वळणांवर खडी जाऊन डांबर आले. फ्रान्समधल्या पॉल रिकार्ड ट्रॅकवर तर कडेचे विस्तीर्ण डांबर निळ्या-तांबड्या पट्ट्यांनी रंगवलेले आहे. जीव वाचले, यात शंका नाही. पण त्याच दिवशी हद्द मातीतून उठून कागदावर आली. आता रेषेबाहेर गेल्याने काही बिघडत नाही, उलट वळण सपाट होऊन वेळ वाचतो. मग नियम लिहावा लागला : पांढरी रेषा ट्रॅकमध्ये धरावी, पलीकडचा रंगीत कठडा धरू नये, आणि गाडीचा काही तरी भाग ट्रॅकला टेकलेला असावा.

कागदावरच्या हद्दीचे त्रास आपल्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नकोत. पोर्तुगालने १९२८ साली स्वदेशात वाहने उजव्या बाजूने चालवण्याचा नियम केला, पण गोव्यात डावी बाजूच ठेवली, कारण सीमेपलीकडे ब्रिटिश अमलाखालचा मुलूख होता. लिस्बनच्या कायद्याला इथे शेजाऱ्याच्या चाकांपुढे नमते घ्यावे लागले. असो.

शर्यतीतही कागदी हद्दीने घोळ केलाच. २०१७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ऑस्टिनला मॅक्स व्हर्स्टापेनने शेवटच्या फेरीत वळणाच्या आतल्या बाजूने रेषेपलीकडून गाडी काढून तिसरा क्रमांक मिळवला, आणि पाच सेकंदांच्या दंडाने गमावला. २०२३ च्या ऑस्ट्रियातल्या शर्यतीत तर रेषा ओलांडल्याच्या १,२०० हून अधिक नोंदी तपासाव्या लागल्या. बक्षिसे वाटून झाली होती. अंतिम निकाल काही तासांनी बदलला. खऱ्या गाड्यांची ही गत, तर पडद्यावरच्यांची काय सांगावी?

पडद्यावरच्या शर्यतीची सुरुवात मात्र हद्दीपासूनच झाली. १९७४ साली अटारी कंपनीने 'ग्रॅन ट्रॅक १०' हे स्टेअरिंग, गिअर आणि पेडल असलेले यंत्र काढले. १९७६ च्या 'नाइट ड्रायव्हर'मध्ये काळ्या पडद्यावर रस्ता नव्हताच. रस्त्याच्या दोन कडांचे पांढरे खुंट तेवढे पुढून येत. हद्द हेच सारे चित्र! १९८२ च्या 'पोल पोझिशन'मध्ये कडेच्या फलकावर आदळले की गाडीचा स्फोट होई. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या पॅपायरस कंपनीने इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर बेतलेला खेळ काढला, तेव्हापासून खेळाची नक्कल झाली. त्याच मंडळींपैकी डेव्हिड केमर यांनी पुढे आय-रेसिंग उभी केली. ती २००८ पासून खेळाडूंना खुली झाली. खरे ट्रॅक तिथे लेसरने मोजून घेतात, आणि चूक गुणांत मोजतात : रेषेबाहेर गेलात तर एक, गाडी गरकन फिरली तर दोन, दुसऱ्यावर जोरात आदळलात तर चार. म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यंत्रच देते. उरलेले अर्धे माणसांकडे आहे. २०२० च्या टाळेबंदीत खरे चालकही घरून खेळू लागले, तेव्हा डॅनियल आप्ट या जर्मन चालकाने आपल्या जागी दुसऱ्याच तरबेज खेळाडूला बसवले. ते उघडकीस आले आणि ऑडीच्या खऱ्या संघातली त्याची जागा गेली. गाडी खोटी होती, सही मात्र त्याची होती.

मुले हे गंभीरपणे घेतात त्यालाही कारण आहे. २०११ साली यान मार्डनबरो हा ब्रिटिश मुलगा घरच्या खेळातून निवडला जाऊन खऱ्या शर्यतीत उतरला. तीच निवडस्पर्धा २०१४ साली भारतातही झाली.

आता स्टेअरिंगविषयी. माझे भावोजी खाणीच्या खनिजाचा टिपर चालवीत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चात पुन्हा थांबल्या, आणि डिचोली तालुक्यात कितीतरी दारांत ट्रक गंजत उभे राहिले. त्यांचाही राहिला. त्यामुळे मुलाच्या स्टेअरिंगकडे ते फारसे प्रेमाने पाहत नसत. त्या दिवशी मात्र निकाल ऐकून खुर्चीत बसले, एक फेरी मारली आणि म्हणाले, "इतके जड कशाला ठेवलेस? टायर काय बोलतो ते हाताला कळणार कसे?"

भाच्याने स्टेअरिंगच्या मोटरचा जोर शंभर टक्के केला होता. जड म्हणजे खरे, अशी त्याची समजूत. पण मोटरला जोराची मर्यादा असते. साधे वळणच ती मर्यादा गाठू लागले, तर कठड्याचा धक्का आणि टायर घसरताना स्टेअरिंगला येणारा हलकेपणा दाखवायला जोर उरत नाही, सगळे एकसारखे जड लागते. मग रेषा डोळ्यांनी शोधावी लागते, आणि डोळे नेहमी उशिरा पोचतात. जोर पंचावन्नवर आणला. स्टेअरिंग ९०० अंश फिरणारे होते. ट्रकला तेवढेही अपुरे, पण शर्यतीच्या गाडीला फार होते, तेही कमी केले.

"खाणीत कडेला मातीचा बांध असायचा," भावोजी म्हणाले. "चाक टेकले की हाताला कळायचे. तुझ्याकडे बांध नाही, रेषाच आहे. मग हात हलका हवा."

ऑस्ट्रियात २०२४ पासून त्या त्रासदायक वळणांच्या कडेला खडीचा पट्टा पुन्हा घातला आहे. तक्रारी झपाट्याने कमी झाल्या.

पुढच्या रविवारी भाच्याला एकही दंड झाला नाही. पाचवा आला असता; दोन फेऱ्या उरल्या असताना सर्वणची वीज गेली. भावोजींनी मेणबत्ती आणली आणि विचारले, "याचा दंड कोणाला?"