दोन भरत्यांची वजाबाकी

पाठ्यपुस्तकात तरंगांचे व्यतिकरण प्रकाशाच्या धड्यात भेटते: थॉमस यंग, दोन बारीक फटी आणि पडद्यावर आळीपाळीने उमटलेले उजळ-काळे पट्टे. त्यावरून ही कल्पना प्रकाशाच्या प्रयोगात जन्मली, असा ग्रह होतो. तिचे कूळ शोधत मागे गेले, तर आपण समुद्रावर पोहोचतो. १६८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात फ्रान्सिस डेव्हनपोर्ट याने टाँकिनमधील, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममधील, बात्शा बंदराच्या भरतीची हकिगत दिली. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात. तिथे एकच येई, आणि दर पंधरवड्याला असा काळ येई की पाणी जवळजवळ हलतच नसे. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने याचे कारण मांडले. भरती दोन वेगळ्या वाटांनी बंदरात शिरते, एका वाटेने ती सहा तास उशिरा पोहोचते, म्हणून एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि दोन्ही एकमेकींना खोडतात.

मग या तत्त्वाचे श्रेय न्यूटनलाच का देऊ नये? कारण त्याने एका बंदराचे कोडे सोडवले, सर्व तरंगांचा नियम सांगितला नाही; प्रकाश तर तो कणांचाच मानत होता. शिवाय टाँकिनच्या आखाताच्या लांबी-खोलीमुळे दिवसाला एकदाच येणारी भरती तिथे बळावते, असे आजचे सागरशास्त्र मानते. न्यूटनचे स्पष्टीकरण मागे पडले, पण त्याची रीत टिकली: दोन लाटा भेटल्या की प्रत्येक ठिकाणी दोघींच्या उंचीची चिन्हासकट बेरीज करायची. यंगने ती आधी नादाला लावली. किंचित वेगळ्या स्वरांत लावलेल्या दोन तारा एकदम छेडल्या की नाद ठरावीक गतीने वाढतो आणि मंदावतो; १८०० च्या निबंधात त्याने अशा एकत्र येणाऱ्या स्वरांचा विचार केला. १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत त्याने बात्शाचे बंदर तर सांगितलेच, शिवाय कोकणातला प्रत्येक मच्छीमार ओळखतो ते उदाहरणही दिले. अमावास्या-पौर्णिमेला चंद्राची आणि सूर्याची भरती एकीवर एक चढते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास एक दुसरीला कापते, तो भांग.

प्रकाशाची पाळी नादानंतरची. १८०३ च्या नोव्हेंबरमध्ये यंगने रॉयल सोसायटीपुढे जो निबंध वाचला, त्यात दोन फटी नाहीतच. खिडकीच्या झडपेला भोक, त्यावर जाड कागद, कागदाला सुईने पाडलेले बारीक छिद्र. त्यातून आलेल्या उन्हाच्या शलाकेत त्याने इंचाच्या तिसाव्या भागाइतकी रुंद पुठ्ठ्याची पट्टी धरली. पट्टीच्या सावलीच्या आत रंगीत पट्टे दिसले आणि सावलीचा मध्य उजळच राहिला. मग त्याने पट्टीच्या एकाच कडेने येणारा प्रकाश अडवला. दुसऱ्या कडेचा प्रकाश पूर्ववत येत असूनही सावलीतले सगळे पट्टे नाहीसे झाले. म्हणजे ते पट्टे कोणत्याही एका कडेचे नव्हते, दोन्हींच्या भेटीचे होते. इथे निर्णायक पुरावा हाच आहे. तरंगलांबीचे आकडेही त्याने न्यूटननेच मोजून ठेवलेल्या पातळ थरांच्या रंगांवरून काढले: टोकाच्या तांबड्याची इंचाच्या सुमारे ३६ हजाराव्या भागाइतकी, जांभळ्याची सुमारे ६० हजाराव्या.

आक्षेप लगेच आले. ‘एडिनबरो रिव्ह्यू’मध्ये हेन्री ब्रूम याने निनावी लिहून ही सारी पोकळ कल्पना ठरवली. एक शंका तर आजही विद्यार्थ्याला पडते: प्रकाशात प्रकाश मिसळून अंधार झाला, तर ऊर्जा गेली कुठे? ती नष्ट होत नाही, तिची वाटणी बदलते. दोन समान तरंग जिथे जुळतात तिथे उंची दुप्पट आणि तीव्रता एकट्याच्या चौपट होते. जिथे खोडतात तिथे शून्य. सरासरी दुप्पटच राहते, हिशेब चुकत नाही. यंगचा पुरावा पुरेसा गणिती नव्हता, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ती उणीव फ्रान्समध्ये ओगुस्तँ फ्रेनेलने भरून काढली. त्याचे गणित खरे मानले तर गोल चकतीच्या सावलीच्या मध्यभागी उजळ ठिपका पडायला हवा, असे फ्रेंच गणिती प्वासाँने ते खोडण्यासाठी दाखवून दिले. भौतिकशास्त्रज्ञ आरागोने प्रयोग केला आणि ठिपका दिसला. १८१९ मध्ये फ्रेंच अकादमीचे पारितोषिक फ्रेनेलला मिळाले.

हीच चिन्हासकट बेरीज आज नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संकेत जुळवते, आणि हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या बाहूंतही तिच्यावरच भिस्त असेल. म्हणून शिक्षकांना विनंती, की हा धडा फटींपासून सुरू करू नये. आधी उधाण आणि भांग शिकवावेत, मग दोन तारा, मग पुठ्ठ्याची पट्टी. कल्पना ज्या वाटेने आली, त्याच वाटेने ती मुलांना लवकर पटेल.