गोष्टींतलीं इंजिनें आणि वेल्समधील एक लोहमार्ग

मुलांच्या गोष्टींत जीं बोलकीं इंजिनें भेटतात तीं सर्वस्वीं कल्पनेचीं लेकरें असावींत, असा समज होणें स्वाभाविक आहे. इंग्लंडांतील धर्मोपदेशक रेव्हरंड ऑड्री यांच्या आगगाडीच्या कथांपुरता मात्र तो टिकत नाहीं. त्यांचीं ‘स्कारलोई’ व ‘ऱ्हेनिअस’ हीं दोन वृद्ध इंजिनें म्हणजे वेल्सच्या किनाऱ्यावरील टाविन गांवच्या ‘टॅलिलिन’ व ‘डॉलगॉक’ या खऱ्या इंजिनांचींच प्रतिबिंबें होत.

टॅलिलिन रेल्वेचा जन्म १८६५ सालचा. रुळांमधील अंतर अवघें सव्वादोन फूट, लांबी सुमारें सात मैल. ब्रिन एग्लुइसच्या खाणींतील पाटीचा दगड पूर्वीं तट्टांच्या पाठीवरून डोंगर उतरे. तो घरांच्या छपरांसाठीं दूरदेशीं धाडतां यावा म्हणून हा खटाटोप. प्रवासी हें त्यांतलें दुय्यम काम.

१९११ सालीं हेन्री हेडन जोन्स या पार्लमेंटच्या सभासदानें खाण व गाडी दोन्ही विकत घेतलीं. १९४६ सालीं खाण ढांसळून बंद पडली. तरी, आपण जिवंत आहों तोंवर गाडी चालेल, हा शब्द गृहस्थानें पाळला. १९५० च्या जुलैंत तो वारला तेव्हां एकटें डॉलगॉक गाडी ओढीत होतें. त्या ऑक्टोबरांत टॉम रोल्ट या लेखकाच्या पुढाकारानें बर्मिंगहॅम येथें सभा भरली, मंडळ स्थापन झालें आणि १९५१ च्या मे महिन्यांत हौशी मंडळींनीं गाडी सुरू केली. स्वयंसेवकांनीं वांचविलेला हा जगांतील पहिला लोहमार्ग. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेचीं दोन इंजिनें त्यांनीं प्रत्येकीं २५ पौंडांस मिळविलीं! मोडीच्या भावांत मिळालेल्या या इंजिनांपैकीं एक पुढें कथेंत ‘पीटर सॅम’ झालें.

१९५२ सालीं ऑड्री स्वतः येथें हौशी गार्ड होते. एकदां फराळाचे जिन्नस विकणाऱ्या बाईला स्टेशनांतच सोडून त्यांनीं गाडी सोडविली. १९५५ च्या ‘फोर लिटल एंजिन्स’ या पुस्तकांत तो अपराध बिचाऱ्या पीटर सॅमच्या माथीं आला. धर्मोपदेशकानें आपलें पाप इंजिनावर लोटावें याचें आम्हांस हसूं येतें. पण या कथांचें बळ अशा घडलेल्या गोष्टींतच आहे.

रोल्ट आणि त्यांच्या सोबत्यांविषयीं आम्हांस आदर वाटतो. तथापि गाडी वांचली म्हणजे तें जग वांचलें, असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. मंडळ स्थापन होण्याच्या चार वर्षें आधींच खाणकामगारांची भाकर गेली होती, आणि ती परत आणण्यासाठीं बर्मिंगहॅमची सभा भरली नव्हती. दगड वाहण्यासाठीं जन्मलेली गाडी सुटी घालविणाऱ्यांना वाहूं लागली. रूळ तेच राहिले, प्रयोजन मात्र पालटलें. आणि जतनाच्या गौरवांत हा पालट सहसा कोणी मोजीत नाहीं.

१९७६ सालीं प्रवाशांची गाडी नान्ट ग्वेर्नोलपर्यंत नेण्यांत आली. पूर्वीं त्या टोंकास केवळ दगडाचे डबे जात. स्टेशनाच्या पलीकडे एक तीव्र उतार डोंगरावर चढतो. दोरखंडाला बांधलेले भरले डबे त्यावरून खालीं येत आणि आपल्या भारानें रिकाम्यांस वर ओढीत. उतारुमंडळी तेथें उतरतात, झरा पाहतात आणि परतीच्या शिटीची वाट पाहतात.