कोणाचे बालपण? ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ वाचताना

१/ हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कथा १९३०च्या दशकातील अलाबामातली. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयावर बलात्काराचा खोटा आरोप येतो आणि तो खटला आपण वकिलाच्या लहानग्या मुलीच्या, स्काउटच्या, नजरेने पाहतो.

२/ त्याच अलाबामात मार्च १९३१ मध्ये मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना अटक झाली. आरोप होता दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराचा. स्कॉट्सबरो येथील न्यायालयाने एप्रिलमध्येच आठ जणांना मृत्युदंड ठोठावला. त्यांतला यूजीन विल्यम्स अवघ्या १३ वर्षांचा होता.

३/ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात दोनदा हस्तक्षेप केला: १९३२ मध्ये आरोपींना वकिलाचे पुरेसे साहाय्य न मिळाल्यामुळे, तर १९३५ मध्ये ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना पद्धतशीरपणे वगळल्यामुळे. कादंबरीतल्या टॉमला दोषी ठरवणारे ज्यूरर गोरेच का, याचे उत्तर या दुसऱ्या निकालात सापडते.

४/ यूजीनवरील आरोप मागे घेण्यात आले ते १९३७ मध्ये. तोवर त्याची सहा वर्षे तुरुंगात गेली होती. स्काउट न्यायालयाच्या गॅलरीतून अन्याय पाहते आणि रात्री घरी परतते. तिच्या बालपणाची कथा वाचताना आरोपीच्या पिंजऱ्यातले बालपणही ध्यानात ठेवले, तरच या कादंबरीचा काळ पुरता उमगतो.